चावडीवर न आलेली माणसं

परत येऊन महिना झाला. भेटेल तो विचारतो, "तिकडे पाण्याचे फार हाल ना हो?" आणि विचारता विचारता हातातला अर्धा पेला मोरीत ओतून देतो. पहिले काही दिवस मी उत्तरं दिली. आता पेल्याकडे बघते आणि गप्प बसते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असेल त्यानं वाचावं, बाकीच्यांनी चहा घ्यावा.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रवासातला मोठा गुन्हा माझाच आहे. मी साथीच्या रोगांवर काम करते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातले जीवजंतू ओळखणं हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिते. प्रयोगशाळेत मला लेखिकाबाई म्हणतात आणि लेखकांच्या बैठकीत डॉक्टरीणबाई, म्हणजे दोन्हीकडे मी पाहुणीच.

माझी तिसरी कादंबरी नारूवर होती. नारू म्हणजे हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा. पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं बहुधा पायातून फोड फोडून बाहेर येऊ लागतो. पाय असा जळतो की माणूस तो पाण्यात बुडवतो. किडा तिथंच आपली पिल्लं सोडतो आणि तेच पाणी कोणीतरी घरी नेऊन पितं. जिथे पायऱ्या उतरून, पाण्यात पाय घालून घागर भरावी लागते तिथे हा रोग पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. हे सगळं मला पाठ होतं. नारू मात्र मी बाटलीत पाहिला होता, पायात नाही.

तरीही मी कादंबरी लिहिली. सातव्या प्रकरणात एक तरुण डॉक्टर गावात दवंडी पिटवतो, आणि गल्लीगल्लीतून नारूचे रोगी काठ्या टेकत चावडीपुढे जमतात. डॉक्टर एकेकाचा पाय मांडीवर घेतो. त्या प्रकरणावर मला किती पत्रं आली! एकानं तर लिहिलं की, तुम्ही आम्हाला चावडीवर उभं केलंत. मीही ते वाचून दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

अशात लातूरहून बोलावणं आलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि पावसानं त्या भागाकडे पाठ फिरवली होती. नव्या जिल्ह्यात नारूची नवी मोजणी चालली होती. तपासायला बाहेरचा शास्त्रज्ञ हवा होता आणि तिथल्या एका साहेबांनी माझंच नाव सुचवलं होतं. त्यांनी माझी कादंबरी वाचली होती. मला वाटलं, वा, साहित्याचाही उपयोग होतो म्हणायचा.

नांदेड

आधी नांदेडला दोन दिवस नमुन्यांचं काम होतं. गोदावरीचं पात्र बघून मी काठावर नुसती उभी राहिले. वाळूत कमरेइतके खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक बाई, आणि ती वाटीनं पाणी खरवडून घागरीत टाकते आहे. नदी म्हणून शाळेत जिचा धडा घोकला ती ही.

लॉजच्या मॅनेजरनं पाण्याच्या पिंपाला कुलूप घातलेलं होतं. किल्ली जानव्याला. मी तोंड धुवायला पाणी मागितलं तर तो अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, अंघोळ करनार का चहा पिनार? दोन्ही न्हाई व्हायचं." मी चहा घेतला.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. तिथे एक उंच म्हातारे बाबा रांगेतून पाणी वाढत फिरत होते. तू कोण, कुठली, कोणाची, असं न विचारता प्रत्येकाच्या पेल्यात सारखंच पाणी. आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. पुढच्या चार दिवसांत मला ती कुठेच पुन्हा दिसली नाही.

चाकूर

लातूरच्या कचेरीनं जीप पाठवली होती. चालवणारे खय्यूमभाई नांदेडचेच, पिकल्या दाढीचे. लोहा सोडलं, अहमदपूर मागे गेलं, आणि दोन्ही बाजूंना नुसती भेगाळलेली काळी रानं. खय्यूमभाईंनी मला पहिला धडा दिला. "मॅडम, किसी के घर पानी नक्को मंगो. चाय मंगो. चाय देने कू लोगां खुश, पानी देने कू रोते." आमच्या पुण्यात उलट. पाणी न मागता समोर येतं आणि चहाचं "घेणार का?" असं विचारतात की माणसानं नाहीच म्हणावं. इथे मला प्रत्येक दारात चहा मिळाला, कमी दुधाचा, पण लोकांनी तो आनंदानं दिला.

चाकूरला माझी सोय एका आडत व्यापाऱ्यांकडे केली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही अप्पाच म्हणू लागले. त्यांच्या घरी जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ. भाजीपाला नसला की नुसत्या पिठावर अशी आमटी होते की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि अप्पांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, चौथी वाढताना विचारलंसुद्धा नाही. त्या घरात पाणी दुहेरी धडप्यातून गाळल्याशिवाय कोणी पीत नव्हतं. मी कारण विचारलं तर आक्का म्हणाल्या, "सासूबाई गाळायच्या." आमची प्रयोगशाळा जे सांगायला लाखभर पत्रकं छापते ते इथे एका सासूनं फुकट करून ठेवलं होतं.

"नारू?" अप्पा म्हणाले. "आमच्यात न्हाई बगा." मी ते वहीत टिपून घेतलं. 'आमच्यात' म्हणजे कोणात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एक गाव

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर शेजारची गावं म्हणतील, आपण सुटलो.

सकाळपासून दोन गावं झाली होती. दोन्हीकडे साहेब हजर. त्यांचंही नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता. चाळिशीचे, नीटनेटके, हातात माझी कादंबरी, तिला खाकी कव्हर घातलेलं. पहिल्या भेटीतच ते म्हणाले, "मॅडम, सातवं प्रकरण मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा रडलो."

मग त्यांनी मोजणीची पद्धत समजावून सांगितली. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वेळी माणसं घरोघर फिरून नारूवाले शोधायची. त्या यादीतल्या गावांना सरकार बोअर पाडून हापसा देणार होतं. आता जिल्हा नवा, तेव्हा यादी नवी. ज्या गावात नारू सापडणार नाही आणि बाहेरच्या तपासनीसाची सही होईल ते गाव यादीतून कमी. बोअरची गाडी तालुक्यात आलीच होती आणि येत्या दोन-तीन दिवसांत यादीप्रमाणे निघणार होती.

"घरोघर फिरण्यात फार वेळ जायचा," साहेब म्हणाले. "तुमचं पुस्तक वाचलं आणि मार्ग सापडला. आता आम्ही दवंडी देतो आणि लोकांना चावडीवर बोलावतो. थेट तुमची पद्धत."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं ठरवलं आहे तर हेही सांगते. मी कागदावर रचलेलं दृश्य माझ्यासमोर उभं होतं. चावडीवर सतरंजी, टेबल, कोतवाल, लातूरहून आणलेला हार. चावडीच्या पायऱ्या चढताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि मी लंगडत वर गेले. कोतवाल हळूच म्हणाला, "बाईंस्नी नारू झाला का काय?" सगळे हसले, मीही हसले.

लोक आले. म्हातारे आले, गोळ्या मिळतील म्हणून बाया आल्या, कामधंदा नसलेले आले. मी प्रत्येकाचा पाय पाहिला. भेगा होत्या, काटे होते, एकाला विंचू चावलेला होता. नारू एकालाही नव्हता. साहेबांनी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'. सरकारी भाषेत काहीच नसण्याला इतका देखणा शब्द आहे. मी खाली सही केली. दिवसातली तिसरी.

त्या चावडीवर लंगडणारी मी एकटीच होते आणि मला त्यात काही खटकलं नाही. पंचवीस वर्षं शास्त्र शिकून ही अक्कल.

जीप गावाबाहेर उभी होती, कारण चावडीपुढे लोकांची गर्दी होती. साहेब पुढच्या कामाला गेले. मी तुटका सँडल हातात घेऊन तापलेल्या मातीवरून उड्या मारत निघाले. गावाच्या खालच्या अंगाला, सडकेलगतच, बौद्ध वस्ती आहे. तिथे पंचशील ध्वजाखाली एक बाई उभी होती, पस्तिशीची, खांद्यावर बालवाडीची पिशवी. तिनं "जयभीम" म्हटलं. मी नमस्कार केला. मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"मॅडम, पाय भाजून राहिले तुमचे. थांबा." ती घरात गेली आणि चपलांचा जोड घेऊन आली. "सासूच्या हायत. घाला."

"त्यांना लागतील की."

"दोन महिने झाले, लागल्या न्हाईत. पाय टेकत न्हाई तिचा."

मी पाय चपलेत घालता घालता थांबले. शेजारच्या उंबऱ्याजवळ असाच एक जोड होता, वर धुळीचा थर. त्याच्या पुढच्या घरासमोर दोन.

बाईचं नाव सुजाता. तिच्या सासूचं नाव गयाबाई. गयाबाई आत गोधडीवर भिंतीला टेकून बसली होती. डाव्या घोट्याला चिंधी, आणि चिंधीतून बाहेर आलेला पांढरा दोरा ज्वारीच्या धांड्याच्या काडीला गुंडाळलेला. रोज एक वेढा द्यायचा. घाई करून ओढला तर किडा आत तुटतो आणि पाय सडतो. वस्तीतल्या सगळ्यांचे नारू गयाबाईच गुंडाळायची. लोकांना उचलून तिच्याकडे आणत, कारण आता तिलाही हलता येत नव्हतं. मी तिच्यापुढे खाली बसले आणि बाटलीतला नारू पहिल्यांदा माणसाच्या पायात पाहिला.

"तुम्ही दवंडी ऐकली नाही का?" मी विचारलं. विचारलं ते विचारलं, ते शब्द आता मागे घेता येत नाहीत.

"ऐकली की," गयाबाई म्हणाली. "कान शाबूत हायत माझे. चावडीपस्तोर चालत आला तर त्येला नारूवाला कामून म्हनावं?"

तिनं चिंधीवरची माशी हाकलली.

"आन्‌ खांद्यावर बसून आले असते, तरी आमास्नी पायरीच्या खालीच उभं ऱ्हावं लागतं. तिथून साहेबाला पाय दिसत न्हाईत."

सुजाता दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या सुपरवायझर बाईंनी तुमचं पुस्तक वाचायला दिलं होतं मॅडम. सातवं प्रकरण मी हिला वाचून दाखवलं. ही लई हसली."

"तुमच्या पुस्तकातले नारूवाले लई दमदार," गयाबाई म्हणाली. "काठी टेकत चावडीवर येतात. आमच्यात असला एक बी न्हाई."

माझ्या पुस्तकावर आजवर झालेली ही सगळ्यात खरी टीका. तीसुद्धा पुस्तक वाचता न येणाऱ्या बाईनं केलेली.

मग सुजातानं मला वस्तीच्या मागची बारव दाखवली. उतरत्या पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, आणि पिंढरीइतक्या पाण्यात उभ्या राहून घागर भरणाऱ्या दोन बाया. वरच्या गावाला स्वतंत्र आड आहे, वरून दोरीनं पोहरा सोडायचा. त्या पाण्यात कोणाचा पाय पडत नाही, म्हणून तिथे नारूही नाही. त्या आडाच्या दोरीला वस्तीतल्या माणसानं हात लावायचा नाही. कायदा होऊन किती वर्षं झाली, धर्म बदलून किती झाली, दोरी तिथेच. मी 'का?' असं विचारलं तेव्हा सुजातानं माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न गिळावा लागला. 'आमच्यात न्हाई' म्हणजे काय, तेही मला तेव्हा कळलं.

संध्याकाळपर्यंत मी घरोघर फिरले. सासूच्या चपला घालून. वहीची दोन पानं भरली. प्रत्येक ओळ म्हणजे एक पाय. आणि वर चावडीतल्या रजिस्टरात या गावापुढे 'निरंक' होतं, खाली माझी सही. म्हणजे या गावाला हापसा नाही, आणि आज बारवेचं पाणी प्यायलेली माणसं पुढच्या उन्हाळ्यात अंथरुणाला. मी लिहिलेल्या एका सुंदर प्रकरणामुळे.

"आता काय करनार मॅडम?" सुजातानं विचारलं. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

लातूर

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लातूरच्या कचेरीत. नवा जिल्हा, नवा रंग, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. कोपऱ्यात उस्मानाबादहून आलेली जुन्या कागदांची लाल गाठोडी, बरीचशी न उघडलेली. साहेबांनी चहा मागवला. मी वही पुढे केली.

त्यांनी दोन्ही पानं नीट वाचली. मग म्हणाले, "मॅडम, पण तुम्ही स्वतः तपासलंत. सही तुमची आहे."

"मी चुकीच्या जागी बसून तपासलं."

"मग असं करू. या लोकांना एकदा चावडीवर आणा, मी पुन्हा मोजून घेतो."

मी चिडले. कचेरीत आवाज चढवू नये हे मला कळतं, पण मी चढवला. म्हटलं, ज्याचा पाय जमिनीला टेकत नाही त्याला तुम्ही चालून दाखवायला सांगता, आणि नाही चालला की लिहिता, हा बरा आहे. म्हटलं, मुक्यानं ओरडून सांगितलं तरच तो मुका, असा तुमचा न्याय. बाहेरचे दोन शिपाई दारात येऊन उभे राहिले.

साहेब शांत होते. "मॅडम, तुम्ही पुण्याच्या. तुम्हाला कळणार नाही. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच्या जिल्ह्यातले मागासलेले तालुके होतो. आता आपलं घर झालं. नव्या घराच्या पहिल्याच अहवालात नारू लिहायचा? लोक काय म्हणतील?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं. घराच्या अब्रूसाठी घरातला आजारी माणूस माळ्यावर लपवणारे लोक मी पाहिले आहेत. जिल्हाही तसंच करतो, हे नवीन होतं.

गाठोड्यांपाशी एक म्हातारे कारकून बसले होते, उस्मानाबादहून बदलून आलेले. ते मान वर न करता म्हणाले, "बाई, तपासनीसाची सही नसंल तर गाव जुन्या यादीतच ऱ्हातं. तसा कायदाच हाय."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मी रजिस्टर ओढून घेतलं. तिन्ही गावांच्या पानांवरच्या माझ्या सह्या आडव्या रेघेनं खोडल्या, प्रत्येकीपुढे 'तपासणी सदोष, मी जबाबदार' असं लिहिलं. बाकीच्या दोन गावांच्या वस्त्यांत तरी मी कुठे गेले होते? बाहेरच्या शास्त्रज्ञानं स्वतःच स्वतःला सदोष ठरवलं की पुढे काय होतं ते पुण्यात परतल्यावर कळलंच. आमच्या संचालकांनी मला बोलावून सांगितलं की यापुढे तुम्ही नमुनेच बघा, गावं नकोत. ते असो.

साहेब बराच वेळ खाकी कव्हरावर बोट फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सातवं प्रकरण खोटं होतं का, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "मी कधी नारू झालेल्या माणसाला पाहिलंच नव्हतं."

त्यांनी पुस्तक खणात ठेवलं. मला त्यांचा राग आला होता, तरी त्या क्षणी त्यांची कीवही आली, आणि स्वतःची जास्त.

पुन्हा तेच गाव

मी पुण्याला जायचं सोडून चाकूरला अप्पांकडे राहिले. आक्कांनी काही विचारलं नाही, फक्त आमटी वाढली. तिसऱ्या दिवशी सकाळी खय्यूमभाई निरोप घेऊन आले, "मॅडम, बोअर की गाडी उधरइच जा री."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी सडकेवर वस्तीच्या तोंडाशी उभी होती, तिचं लोखंडी मनोऱ्यासारखं धूड आडवं घातलेलं. गाडीवाले आंध्रातले. वरून सरपंच आणि दहा-पंधरा माणसं आली होती. त्यांना बोअर चावडीसमोर हवं होतं. सार्वजनिक जागा तीच, असं त्यांचं म्हणणं. यादी नारूची, नारू वस्तीचा, आणि पाणी चावडीचं! मी बोलायला तोंड उघडलं, पण बोलायची वेळ आली नाही.

चावडीकडे जाणारी वाट वस्तीतूनच जाते. त्या वाटेवर, भर उन्हात, गोधड्या अंथरल्या होत्या. माझ्या वहीतली दोन्ही पानं तिथे बसली होती. सुजातानं आणि घरातल्या धडधाकट माणसांनी पहाटेपासून एकेकाला उचलून आणलं होतं. सगळ्यांत पुढे गयाबाई, काडी गुंडाळलेला पाय लांब करून.

गाडीवाला खाली उतरला. "अम्मा, जरगंडि," तो म्हणाला, म्हणजे सरका.

"जरगंडि काय, सरक काय. मला उठता येत न्हाई."

सरपंच पुढे आले. "गयाबाई, बाजूला हो. गाडी चावडीवर चालली."

"मला बाजूला होता येत असतं, तर परवाच चावडीवर आले नसते का मालक? दवंडी ऐकून बसलेच हुते मी." आवाज अगदी सहज होता. "चावडी आमच्याकडं येत न्हाई. आमी चावडीकडं येऊ शकत न्हाई. आता गाडी आली हाय दारात, तर बसू द्या इथं."

सरपंच चिडून मागे वळले. "उचला रे हिला."

कोणीच पुढे झालं नाही. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिला उचलायचं तर तिला शिवावं लागणार होतं. शिवायला कोणी तयार नव्हतं. वस्तीतली माणसं हाताची घडी घालून उभी होती, ती उचलणार नव्हती. गाडीवाला घड्याळ बघत होता, त्याला अजून दोन गावं होती. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी गयाबाईच्या शेजारी जाऊन मातीत बसले. मी आयुष्यात काही बरं केलं असेल तर तेवढंच, आणि तेही बसून.

गाडीवाल्यानं इंजिन चालू केलं आणि होती त्याच जागी मनोरा उभा करायला घेतला.

दिवसभर जमीन थरथरत होती. पांढरी धूळ सगळ्यांच्या केसांवर, भाकरीवर, गयाबाईच्या चिंधीवर. दुपारी सुजातानं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली, मी धुळीसकट खाल्ली. उन्हं कलली तेव्हा आधी ओली माती आली, मग गढूळ चिखल, मग पाणी. कोणी नाचलं नाही. बायांनी घागरी आणल्या आणि पाणी निवळायची वाट बघत बसल्या. गयाबाईनं ओंजळभर पाणी मागवलं, वास घेतला आणि परत ओतून दिलं. "उद्या," ती म्हणाली. "आज मातीच हाय त्यात."

हापसा बसायला आणखी दोन दिवस लागले. मी निघायच्या सकाळी तिथे रांग होती. वरच्या गावातल्या तीन बाया कळश्या घेऊन आल्या आणि थोड्या अंतरावर थांबल्या. त्यांच्या आडाला तळ लागला होता. दारातून गयाबाई म्हणाली, "लांब कामून थांबल्या? रांगेत या. दांड्याला हात लावा, चालतंय." त्यातली एक आली. दोघी परत गेल्या.

गेल्या आठवड्यात लातूरहून एक लखोटा आला. काम पूर्ण झाल्याचा दाखला, तपासनीस म्हणून माझी सही हवी होती. साहेबांचं तेच सुवाच्य अक्षर. गावाचं नाव बरोबर, खोली बरोबर, पाणी पिण्यास योग्य असल्याची नोंद बरोबर. आणि 'हातपंपाचे स्थळ' या रकान्यात लिहिलं होतं, 'चावडीसमोर'.

मी ते वाचून टेबलावर मूठ आपटली, तशी शेजारच्या खोलीतली मदतनीस मुलगी धावत आली. तिला परत पाठवलं. मग पेन घेतलं, 'चावडीसमोर' हा शब्द खोडला, त्यावर स्पष्ट अक्षरात लिहिलं 'बौद्ध वस्तीत, गयाबाईच्या दारात', आणि त्यानंतर सही केली.